सगळं लिहून ठेवलंय

९ फेब्रुवारी

बाबांना जाऊन आज अकरा दिवस झाले. दोऱ्याच्या कंपनीकडून मिळणारी ही डायरी दर वर्षी कोरीच रद्दीत जाते. या वर्षी लिहायचं ठरवलं, कारण दुपारी ज्याच्याशी कटकट करायची तो माणूसच उरला नाही. शिलाई मशिनांशी बोलून बोलून किती बोलणार? ती टाका सोडतात, उत्तर देत नाहीत.

दादा आला होता. घर आणि दुकान आमच्या नावावर करायचा अर्ज घेऊन. त्यात एक प्रश्न होता : ‘मृत व्यक्तीने मृत्युपत्र केले होते काय? होय / नाही.’ दादाने ‘नाही’भोवती आधीच गोल काढून ठेवला होता, पेन इतकं दाबून की कागद मागून फुगला होता.

“इथे सही कर,” म्हणाला. “निम्मं तुझं, निम्मं माझं. आणि माझं निम्मंसुद्धा तूच वापर. मला काही नकोय.”

मी म्हटलं, “पण बाबांनी मृत्युपत्र केलंय.”

“कुणी सांगितलं तुला?”

“त्यांनीच. कितीदा तरी. ‘सगळं लिहून ठेवलंय, काळजी करू नकोस.’ ”

दादाने टोपी काढली, परत घातली. “म्हातारी माणसं बोलतात काहीबाही. सही कर, छोटे.”

मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि अजून छोटीच. सही केली नाही.

१२ फेब्रुवारी

दुकान उघडलं. तीन मशीन आली, दोन चाकाचा पट्टा बदलायला, एक गंजलेलं. गंजलेल्याची बाई म्हणाली, “वडील नाहीत का?” ते गेले म्हटल्यावर मशीन परत उचलायला लागली. म्हटलं, बाई, सतरा वर्षं मीच दुरुस्त करतेय, बाबा नुसते स्टुलावर बसून ‘ताण बघ, ताण बघ’ म्हणायचे. शेवटी ठेवून गेली.

दादाच्या ‘निम्म्या’चा विचार डोक्यातून जात नाही. एवढं सहज कोण सोडतं? त्याला दोन मुली आहेत, पाणीपुरवठ्याची नोकरी आता दोन वर्षांत संपेल. हा माणूस ‘मला काही नकोय’ म्हणतो, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

१७ फेब्रुवारी

कपाट, पलंगाखालची ट्रंक, सुयांचे खण, जुन्या मशिनांचे लाकडी खोके, सगळं उपसलं. आईचा चष्मा सापडला. माझ्या लग्नाचा फोटो सापडला, फक्त माझ्या बाजूचा. नवऱ्याची बाजू कापलेली. मृत्युपत्र नाही.

स्वतःशी खरं लिहायला काय हरकत आहे? मला घराचा एवढा मोह नाही. निम्मं मिळालं तरी मी इथेच राहीन, इथेच मरेन. पण दादाच्या अर्जावर राहायचं नाहीये मला. सतरा वर्षांपूर्वी मी या दारात परत आले, बँडवाला नवरा गेल्यावर. गेला म्हणजे मेला नाही, नुसता गेला. बाबांनी दार उघडलं, ‘ये’ म्हणाले नाहीत, ‘जेवलीस का?’ म्हणाले नाहीत, बाजूला झाले फक्त. मग आईचं सगळं केलं. मग बाबांचं. शेवटचं दीड वर्ष तर त्यांना कुशीवर वळवण्यापासून. या सगळ्यात एकदाही त्यांच्या तोंडून ‘पोरी, तू होतीस म्हणून’ असं काही आलं नाही. बोलता आलं नसेल. तसा स्वभावच नव्हता. पण लिहिलं असणार. ते मला वाचायचंय.

२१ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेले. तरुण आहेत, खोलीत फाईलींचे इतके ढीग की बसायला जागा करताना एक फाईल माझ्या मांडीवरच राहिली. त्यांच्या आईचं मशीन बिघडलंय, ते मी बघणार, त्या माझं बघणार, असं ठरलं.

मी विचारलं, “मृत्युपत्र असलं आणि नसलं, यात फरक काय?”

“मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याच्या मागे कायदा बोलतो. मुलगा, मुलगी, सारखं सारखं. मृत्युपत्र करून गेला आणि ते वैध असलं, तर कायदा गप्प बसतो आणि गेलेला माणूस बोलतो. घर त्यांचं स्वतःचं कमावलेलं होतं, म्हणजे ते कुणालाही देऊ शकत होते.”

“वैध म्हणजे?”

“लिहिताना शुद्धीत हवा, स्वतःच्या मनाने केलेलं हवं, सही हवी, आणि ती सही करताना पाहणारे दोन साक्षीदार हवेत.”

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “एक विचारू? काही न शोधता तुम्हाला निम्मं मिळतंय. शोधून काढलंत आणि भलतंच निघालं, तर ते परत लपवता येत नाही. तो गुन्हा होतो.”

मी म्हटलं, “भलतं काय निघणार? मी कुणाच्या अध्यातमध्यात नाही, म्हाताऱ्याचं सगळं केलं.”

“मग ठीक आहे,” म्हणाल्या. चेहरा मात्र ठीक नव्हता. सर्दी झाली होती त्यांना.

२६ फेब्रुवारी

दादा दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी मशीनच्या दात्यांमधला कचरा ब्रशने काढत होते. मग म्हणाला, “वकिलाकडे गेली होतीस म्हणे.”

“हो.”

“छोटे, नको शोधूस. आहे ते बरं आहे.”

“कुणासाठी बरं?”

“दोघांसाठी.”

“तुला भीती वाटते का रे, काय निघेल त्याची?”

मला वाटलं चिडेल. तो खाली बघत म्हणाला, “हो. वाटते.”

इतकं सरळ कबूल करेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे माझा अंदाज बरोबर. त्याला ठाऊक आहे की बाबांनी सगळं मला दिलंय. निम्म्यावर माझी बोळवण करून मोठेपणा मिळवायचा होता. सख्खा भाऊ! मी ब्रश आपटला आणि म्हटलं, “जा तू आता.”

गेला. जाताना दाराची सैल झालेली कडी खिशातल्या पान्याने घट्ट करून गेला. ती सवय मात्र बाबांची आहे, जरी त्याने बाबांचा धंदा नाकारला.

२८ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. “ताई, हे जेवत नाहीत नीट. तुमच्याच भल्याचं बघताहेत हो. ऐका ना त्यांचं.” मी म्हटलं, वहिनी, माझं भलं मला कळतं. फोन ठेवला. नंतर वाटलं, जरा जास्तच तोडून बोलले. पण तिनेही नवऱ्याची वकिली कशाला करावी?

६ मार्च

वर्तमानपत्रात जाहिरात दिली : शिलाई मशीन दुरुस्त करणारे आमचे वडील यांचे मृत्युपत्र कुणाकडे असल्यास कळवावे. छापून आल्यावर चारदा वाचली. बाबांचं नाव पहिल्यांदाच वर्तमानपत्रात आलं. मरणाची बातमी द्यायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

१४ मार्च

मिळालं!

जुन्या बाजारामागे एक वकील होते, ते वारले, त्यांचा मुलगा आता ती कचेरी चालवतो. त्याने जाहिरात पाहिली. बाबांचं बंद पाकीट तिथल्या लोखंडी कपाटात आहे. मी दादाला फोन करून सांगितलं. वाटलं, आता कुठे तोंड लपवतो बघू. तो म्हणाला, “अरेरे.” एवढंच. मग म्हणाला, “मी येतो तुझ्याबरोबर. एकटी जाऊ नकोस.”

साळसूदपणा कुठे जात नाही.

१८ मार्च

वाचलं.

आज लिहीत नाही.

२० मार्च

लिहिते.

त्या वकिलाच्या मुलाने पाकीट आमच्यासमोर फोडलं. एकच पान. बाबांचंच अक्षर, प्रत्येक ओळ पट्टी ठेवल्यासारखी सरळ. तारीख बावीस वर्षांपूर्वीची.

‘माझी इमारत, दुकान व त्यातील सर्व यंत्रे व अवजारे माझ्या बहिणीच्या मुलास द्यावीत, कारण माझे काम तो शिकला. माझ्या मुलाने माझे काम नाकारले. माझी मुलगी माझ्या मनाविरुद्ध घर सोडून गेली. तिचे मी काही देणे लागत नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे.’

खाली सही. दोन साक्षीदार. एक डॉक्टर, जे केव्हाच वारले. दुसरे आमच्या शेजारचे औषधवाले काका.

माझ्याबद्दल एवढंच. दोन वाक्यं.

मी तिथे काय बोलले ते आठवत नाही. दादाने माझा दंड धरला होता. जिना उतरताना तो म्हणाला, “बावीस वर्षं झाली. तेव्हा रागात होते.” मी म्हटलं, “तुला रे काय माहीत?” त्याने माझा दंड सोडला.

२३ मार्च

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नव्हते. नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडत होते. आईच्या पत्रांतून एवढंच कळायचं की दादा आणि बाबा वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून, ते आईने कधी लिहिलं नाही. नोकरीवरूनच असणार.

आतेभाऊ सहा वर्षं बाबांच्या हाताखाली शिकला, मग मोठ्या शहरात गेला. आता तिथे विजेवर चालणारी, पडद्यावर नक्षी दाखवणारी मशीन विकतो. हाताचं चाक फिरवून किती वर्षं झाली असतील त्याला. वकीलबाईंनी त्याला कळवलं. कळवावंच लागतं.

२७ मार्च

वकीलबाई म्हणाल्या, एकच वाट आहे. मृत्युपत्र वैध ठरलं नाही, तर बाबा मृत्युपत्र न करता गेले असं धरतील आणि पुन्हा निम्मं निम्मं. डॉक्टर नाहीत. राहिले औषधवाले काका. त्यांनी सही होताना पाहिली नसेल, बाबांनी मागाहून नुसता कागद पुढे केला असेल, तर ते टिकणार नाही.

म्हणजे महिनाभर मी जे शोधत होते, ते आता खोटं ठरावं म्हणून धडपडायचं. वकीलबाईंच्या आईचं मशीन तयार झालंय. नवं शटल टाकलं. निदान ते तरी लोण्यासारखं चालतं.

२ एप्रिल

काकांकडे गेले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकान मुलगा बघतो, ते मागच्या खोलीत जुन्या बाटल्यांवरची लेबलं भिजवून काढत बसतात. मला लहानपणी खोकल्याचं औषध गोड करून द्यायचे. माझी आई गेली तेव्हा बाबा रडले नाहीत, काका रडले.

मी सरळच विचारलं. “काका, सही तुमच्यासमोर केली का त्यांनी?”

“हो गं.”

“नीट आठवा. बावीस वर्षं झाली. कदाचित आधीच केलेली असेल.”

त्यांनी बाटली बाजूला ठेवली. “तुला काय हवंय ते मला कळतंय.”

“मग सांगाल?”

“तुझ्या बापाला मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरं नव्हे. ऐकला नाही.” डोळे पुसले, ओल्या हातानेच. “सांगेन. आठवत नाही म्हणेन. या वयात कोण काय म्हणणार मला?”

मी त्यांच्या पाया पडले. घरी येऊन बराच वेळ हात धूत होते. लेबलांचा डिंक लागला होता.

११ एप्रिल

आतेभाऊ येऊन गेला. वजन वाढलंय, केस गेलेत. दुकानात उभा राहून सगळीकडे बघत होता. बाबांच्या मोठ्या मशीनवर हात ठेवून म्हणाला, “मामा याला हात लावू द्यायचे नाहीत मला. पहिली दोन वर्षं.”

मी म्हटलं, “तुला हे नकोय. खरं सांग.”

“नकोच होतं,” म्हणाला. “मला ठाऊकही नव्हतं. पण धंदा बुडतोय, ताई. हे विकलं तर मी वर येतो. मी नाही म्हणायला हवं, कळतं मला. बायकोलाही म्हटलं. पण घरी गेल्यावर तसं म्हणवत नाही.” मग खिडकीकडे तोंड करून, “शेवटी मामांनी दिलंय ना.”

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

२४ एप्रिल

आज सुनावणी.

खोली लहान. पंखा एकच, तोही न्यायाधीशसाहेबांच्या डोक्यावर. दादा माझ्या शेजारी, आतेभाऊ पलीकडे. काकांना त्यांच्या मुलाने हाताला धरून आणलं. बसायला खुर्ची दिली तर म्हणाले, उभा राहूनच सांगतो.

साहेबांनी कागद दाखवला. “ही सही तुमची?”

“माझी.”

“मृत्युपत्र करणाऱ्याने तुमच्यासमोर सही केली?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. मी त्यांच्या चपलांकडे बघत होते.

“केली,” म्हणाले. “माझ्यासमोर. डॉक्टर माझ्या डाव्या हाताला होते. तो शुद्धीत होता. मी त्याला दोनदा विचारलं, नीट विचार केलास का. म्हणाला, केलाय.” मग आवाज एकदम चढला. “माफ कर, पोरी. मला वाटलं होतं जमेल. नाही जमत.”

साहेब म्हणाले, इकडे बोला. वकीलबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. “इतक्या वर्षांत त्यांनी विचार बदलल्याचं तुमच्या कानावर आलं? मुलगी परत आली, सेवा केली, हे तुम्ही पाहिलंत.”

साहेबांना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. तेव्हा काका म्हणाले, “तीन वर्षांपूर्वी मला घेऊन तो वकिलाकडे गेला होता. काठी टेकत. मला वाटलं, आता बदलणार. वकिलाच्या मुलाने वाचून दाखवलं. याने सगळं ऐकलं. म्हणाला, बदलायचं काही नाही, परत बंद करा.”

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. असा प्रश्न विचारायला नको होता, असं त्या नंतर तीनदा म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा काय दोष.

बाहेर व्हरांड्यात काका भिंतीला धरून उभे होते. मी त्यांच्याजवळून गेले आणि बोलले नाही. त्यांनी हाक मारली, तरी बोलले नाही.

२५ एप्रिल

काल रागात होते. आता नीट विचार करते.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला आठवतो. बाबा आणि काका दुपारी बाहेर पडले, कुठे ते सांगितलं नाही. परत आले तेव्हा धापा टाकत होते. मी पाय चेपून दिले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, “सगळं लिहून ठेवलंय, काळजी करू नकोस.”

म्हणजे बघा, मनात माझाच विचार होता. बदलायलाच गेले असणार. तिथला जिना उभा आहे, मला स्वतःला दम लागला. वर गेल्यावर थकले असतील. पुन्हा सगळं लिहायचं, पुन्हा दोन साक्षीदार, डॉक्टर तर नाहीतच. म्हणाले असतील, आज नको, बंद करा. पुढच्या खेपेला. आणि पुढची खेप गुडघ्यांनी होऊ दिली नाही. बाबांना कधी काही चुकलं म्हणायला जमलं नाही, म्हणून घरी येऊन तसं बोलले. काकांना ऐकू कमी येतं, त्यांनी भलताच अर्थ लावला.

असंच झालं असणार. दुसरं काय असेल?

९ मे

निकाल आला. ‘सदर व्यक्ती वैध मृत्युपत्र करून मरण पावली असे ठरविण्यात येते.’ मी तो कागद हातात घेऊन बसले. फेब्रुवारीत हेच वाक्य मला कुणीतरी लिहून द्यावं म्हणून वणवण केली होती. अगदी हेच.

आतेभावाने महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. मी मागितला नव्हता, त्यानेच दिला. इमारत पाडून तिथे काहीतरी होणार आहे.

१९ मे

गिऱ्हाइकांना मशीन परत देतेय. गंजलेल्याची बाई आली. चाक फिरवून म्हणाली, “अगदी नव्यासारखं झालं. वडिलांचाच हात आहे हो तुमचा.” मी आत जाऊन तोंड धुतलं.

मोठं मशीन, पाने, तेलाचे डबे, सगळं यादीत आहे, सगळं त्याचं. पेचकस मी माझ्या पैशांनी विकत घेतला होता, पण पावती नाही. तिथेच ठेवून दिला.

कपड्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला माणूस हवाय असं कळलं म्हणून गेले. फाटकावरच्याने विचारलं, “माणूस कुठाय?” म्हटलं, मीच. वय विचारलं. कळवतो म्हणाला. नाही कळवलं.

२६ मे

वहिनीने मुलींच्या खोलीत माझी सोय केलीय. धाकटीचं टेबल बाहेर काढावं लागलं, तिची परीक्षा आहे. टेबल ओढताना तिने जो आवाज केला त्यात सगळं आलं. काका दोनदा दारापर्यंत येऊन गेले. मी दुकानाच्या वरच्या खोलीतून पाहिलं. उतरले नाही.

३१ मे

शेवटचा दिवस. दादा टेम्पो घेऊन आला. माझं सामान एवढंसं निघालं की टेम्पोवाला म्हणाला, “बाकीचं कुठाय?”

दादा रिकाम्या दुकानात उभा होता. मला कितीतरी दिवस विचारायचं होतं, ते विचारलं. “दादा, तुला माहीत होतं का? त्यात काय लिहिलंय ते?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रंकेचा पट्टा ओढत होता. “मला कसं माहीत असणार, छोटे? तुला माहीत नव्हतं, तसंच मलाही नव्हतं.”

फार बरं वाटलं. मी उगाच त्याच्यावर संशय घेतला. बिचाऱ्याचंही निम्मं गेलंच की. त्याला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी नसतं का सांगितलं त्याने?

मग तोच म्हणाला, “बाबांवर राग आहे का गं?”

“राग कसला? त्यांना बदलायचं होतं रे. त्यासाठीच गेले होते. राहून गेलं.”

दादाने ट्रंकेचा पट्टा पुन्हा एकदा आवळला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

“हो,” म्हणाला. “राहून गेलं असणार.” आणि माझी ट्रंक खांद्यावर घेऊन माझ्या आधी बाहेर पडला.